जिवंत माणसाचा फोटो

होर्तेन्सिया बारागान पन्नाशीला टेकल्यावर विद्यापीठात गेली आणि कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यातल्या आमच्या गल्लीला चघळायला विषय मिळाला. शिकणार काय, तर चिकानो इतिहास. म्हणजे मेक्सिकोहून आलेल्या आपल्याच बापजाद्यांची कहाणी फी भरून ऐकायची, असं शेजारची दोन्या चायो, म्हणजे चायोबाई, दारोदार सांगत फिरली.

पण बाई तापट. मृतांचा दिवस म्हणजे मेक्सिकन लोकांचा पितरांचा सण; त्यासाठी तिच्या विभागानं वेदी मांडली. झेंडू, मीठ, पाणी, गोड पाव. मधोमध होर्तेन्सियानं बापाचा, एलेउतेरिओचा, फोटो ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: ‘द्राक्षमळ्यात विषारी फवारणीनं मेला.’

मळा होता व्हिटलॉकचा. विभागाचा नवा हॉलही त्याच्याच देणगीतला, आणि उद्घाटनाला तोच येणार. डीनसाहेबांनी साखर पेरत फर्मावलं, की हा फोटो चिठ्ठीसकट काढा आणि मधोमध देणगीदारांचा लावा. तेवढाच त्यांचा सन्मान.

वेदीवर फक्त मेलेल्यांचे फोटो ठेवतात, एवढंही या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. वर्गातली मुलं सांगायला निघाली, तर होर्तेन्सियानं त्यांना अडवलं.

“साहेबांचा हुकूम आहे. नीट पाळू या.”

 बापाला उतरवून तिनं व्हिटलॉकला बसवलं, पुढं मेणबत्ती लावली आणि गल्लीत निरोप धाडला, की वेदीपुढं प्रार्थनेला या.

उद्घाटनाला दोन्या चायो म्हाताऱ्यांची फौज घेऊन हजर. काळ्या शाली, हातात जपमाळा. वेदीपुढं प्रार्थना उरकून तिनं व्हिटलॉकच्या बायकोचे हात धरले.

“शेवटी फार हाल झाले का हो त्यांचे?” मग शेजारी उभ्या व्हिटलॉककडं बघून, “हे धाकटे भाऊ का? तोंडवळा अगदी तोच.”

व्हिटलॉक पांढराफटक पडला. उतरवा तो फोटो आधी, असं डीन खेकसला.

“उतरवते,” होर्तेन्सिया सरळ व्हिटलॉकला म्हणाली. “तुम्ही जिवंत आहात म्हणून. माझा बाप तुमच्या मळ्यात मेला. तो आता इथून हलणार नाही.”

डीननं तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आधीच व्हिटलॉकनं स्वतःचा फोटो काखोटीला मारला आणि तो दाराकडं सुटला.

होर्तेन्सियानं बापाला जागेवर ठेवलं. मग पेन मागून घेतलं, आणि आधी विभागाच्या भिडेखातर गाळलेलं मळेवाल्याचं नाव चिठ्ठीवर कागद फाटेस्तोवर गिरवलं.