मेणाचा बैल

ज्याने मिठाला विरघळण्याचा स्वभाव दिला आणि माणसाला हट्टाचा, त्या नारायणाला आधी वंदन.

देवघरात निर्माल्य साचते, तसे प्रयोगशाळेत किस्से साचतात. दोन्ही सहजासहजी टाकवत नाहीत. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवीत असे. पदार्थविज्ञानाचे बशीरभाई रोहिणखेडचे. त्यांनी नागपूरहून इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे पदार्थातून गेलेला अवरक्त प्रकाश मोजून त्याचा आलेख काढणारे यंत्र, वर्षभरासाठी उसना आणला.

त्यांचे म्हणणे असे, की मधमाश्यांचे मेण तापवले म्हणजे वितळण्याच्या आधीच, घट्ट असतानाच, त्याची आतली रचना बदलते. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून गेलेला अवरक्त प्रकाश ते सांगतो. आलेखावर शेजारी उभी असलेली दोन शिखरे एक होतात. त्यांची पीएच.डी. एवढ्यावर टांगलेली होती.

प्राचार्यांनी विचारले, "दिसत नाही, तर बदलले कशावरून?"

मी म्हणालो, "नामाने माणूस बदलतो, तेही आधी दिसत नाही."

बशीरभाई हसले. "पंडितजी, परीक्षकांना हे चालायचे नाही. त्यांना आलेख लागतो."

*

काच अवरक्त प्रकाश अडवते, म्हणून मेण मिठाच्या दोन पारदर्शक चकत्यांत दाबावे लागे. एकदा हेडक्लार्क पाहायला आले. त्यांनी चकती उचलली, चष्म्यासारखी तिच्यावर फुंकर घातली आणि धोतराच्या सोग्याने पुसली. श्वासाच्या वाफेने मीठ विरघळले आणि चकती आंधळी झाली.

आमचा शिपाई दामू कळवळला. "काऊन फुकलं बाप्पा?"

स्पिरिटच्या फडक्यावर आठवडाभर घासून बशीरभाईंनी चकती पुन्हा नितळ केली. मग दारावर पाटी लागली: 'येथे श्वास जपून घ्यावा.'

*

पावसाळ्यात दमट हवेपायी चकत्या बल्बच्या उबेला ठेवाव्या लागल्या आणि काम थांबले. मध्येच एक कोरडा दिवस मिळाला, आणि नेमका तो पोळा. दामूने बटणापुढे हात आडवा धरला.

"आज पोया हाये, सर. आज बैलाले जुतत नाहीत."

"हे यंत्र बैल आहे का?" बशीरभाईंनी विचारले.

"तुमचा नांगर तं हाच ओढून राह्यला ना."

बशीरभाईंच्या घरीही बैलजोडी होती. त्यांनी बटण दाबलेच नाही. दामूने उरल्या मेणाचा बोटाएवढा बैल करून यंत्रावर बसवला. नैवेद्याची गरम पुरणपोळी मात्र बशीरभाईंनी सगळ्यांना दाराबाहेर खायला लावली. वाफ येते ना!

*

यंत्र परत जायच्या आदल्या दिवशी परीक्षक आले. आलेख पाहून म्हणाले, "शिखरे एक झाली, म्हणजे मेण वितळले. यात नवे काय?"

चकत्यांमधला मेणाचा थर इतका पातळ, की तो घट्ट आहे की वितळलेला, हे डोळ्यांना ठरवता येईना. वर्षाची मेहनत त्या एका प्रश्नाशी अडली.

"पुन्हा तापवतो," बशीरभाई म्हणाले. त्यांनी यंत्रावरचा बैल उचलला आणि ज्या तापवायच्या धातूच्या ठोकळ्यात चकत्या बसवल्या होत्या, त्याच ठोकळ्यावर उभा केला. मी मनात नाम धरले. यंत्राची लेखणी आलेखावर सरकू लागली. दोन शिखरे उमटली. पुढच्या फेरीला ती जवळ आली. त्यानंतर एकच उमटले.

"आता बैल पाहा, साहेब."

परीक्षक वाकले. शिंगे, वशिंड, चारही पाय जागच्या जागी होते. शिखरे एक झाली होती, तरी त्याच ठोकळ्यावरचे तेच मेण वितळले नव्हते.

"मान्य," ते म्हणाले. "आता याला खाली उतरवा. पाय भाजत असतील."

ऐकणाऱ्या प्रत्येकाची चूल उबदार राहो, गोठा भरलेला राहो आणि घरातले मीठ कोरडे राहो.