ओटीत आलेला घेवडा

त्या वर्षी मी देवीवर रुसले होते, आणि माझा रुसवा म्हणजे साधासुधा नव्हे. मी दिंडोरीत तोंड फिरवलं की वणीपर्यंत वारा पडतो. कारण घेवड्याचं. आमच्या घरचा घेवडा पांढरा, पोटावर कुंकवासारखा एकच तांबडा ठिपका. बाजारात कुठे मिळत नाही. कीड लागू नये म्हणून सासूबाई त्याचं बी राखेत घोळवून पितळी डब्यात ठेवत. नवरात्रात त्याच्या उसळीचा नैवेद्य, आणि घरची लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत मूठभर बी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून आमच्या यजमानांनी तो डबा चिंचेनं घासला. असा लखलखला की त्र्यंबकेश्वरच्या लोकांनी डोळ्यांवर हात धरले असतील. राख म्हणजे घाण, म्हणून बीही धुतलं आणि ओलंच भरून झाकण लावलं. पेरणीला उघडलं तर आत काळा बुरसा.

सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. रडल्या नाहीत. "माझ्यासोबत तेही निघालं म्हणायचं," एवढं बोलून भिंतीकडे वळल्या. त्यानंतर त्यांना घास उतरेना.

मी सप्तशृंगी गडावर गेले ती नवसाला नव्हे, भांडायला. पण ओटी पुढे करताना माझ्यासारखी तोंडाळ बाई भांडायचंच विसरली. "आई, माझ्या हातात काही उरलं नाही. तूच बघ," एवढंच मनात आलं. पुजाऱ्यांनी कुणाच्या तरी ओटीतली ओंजळ प्रसाद म्हणून माझ्या पदरात टाकली. तांदळात घेवडे होते. पोटावर तांबडा ठिपका.

मी अशी किंचाळले की गडावरची माकडं गप्प झाली. मागून सुरगाण्याकडची एक म्हातारी म्हणाली, "काय झालं गं बाय? माझीच ओटी हाय ती."

"मावशी, हे बी कुठलं?"

"आजीनं माहेराहून आणलेलं. दिंडोरीकडची होती म्हणं. लय जपलं आम्ही."

मी तिथेच तिचे पाय धरले. "ऊठ बाय, देवी तिकडं हाय!" म्हातारी म्हणाली.

घरी सासूबाईंनी डोळे मिटून एक दाणा बोटांनी चाचपला, कपाळाला लावला. "आपलाच," म्हणाल्या. मग हळूच, "थोडी पेज दे. आणि हे डब्यात कोंडू नको." वेल मांडवावर चढलेला त्यांनी पाहिला; नवरात्राच्या आधी गेल्या. नैवेद्य मी दाखवला.

याला काय म्हणावं, हे मी देवीला विचारलं नाही. आधीच पुष्कळ रुसून झालं होतं. झाकण लावून आम्ही सांभाळलं ते कुजलं, आणि कुण्या लेकीच्या ओटीत सोडून दिलेलं देवीनं परत आणलं. आता दारी आलेल्या प्रत्येक बाईच्या ओटीत मी ते बी घालते. डबा रिकामाच असतो. यजमान तो अजून घासतात, आणि मी त्याला हात जोडते.