घोडी आणि बिस्कीट

आमच्या नेवाशाच्या फोटो स्टुडिओत पुढच्या काउंटरवर सासऱ्यांचं राज्य आणि मागच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर, माझं. नवरा लग्नांच्या शूटिंगला बाहेर. सासऱ्यांनी पूर्वी कधीतरी पुण्याहून मिनिटाला दहा हजार फेरे मारणारी हार्ड डिस्क आणली होती. त्या काळी अशी नगरमध्येसुद्धा कुणाकडे नव्हती, असं ते अजून सांगतात. तिला ते घोडी म्हणायचे. चालू झाली की टेबल थरथरायचं, आणि मी एखादा सीन शोधायला लागले की आतून हरभरे चावल्यासारखा कुडकुड आवाज यायचा. गिऱ्हाईक आलं की सासरे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवून म्हणायचे, "ऐका! तुमचंच काम चाललंय."

गिऱ्हाइकालाही ते पटायचं. आमच्याकडे लग्नाचं एडिटिंग म्हणजे अख्खी भावकी माझ्या पाठीमागे खुर्च्या टाकून बसणार आणि "धाकल्या मेव्हन्याचं तोंड अजून जरा दाखवा" म्हणणार. तो मेव्हणा सापडेपर्यंत घोडी हरभरे खात राहायची आणि मी दात.

पण आता घोडी थकली होती. नव्या कॅमेऱ्याचं शूटिंग तिला झेपेना, मध्येच अडखळायची. मी एसएसडीचा, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या नव्या डिस्कचा, हट्ट धरला. नवऱ्याने आणूनही दिली. सासऱ्यांनी ती तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली, कानाला लावली.

"हे बिस्कीट? आवाज न्हाई, थरथर न्हाई. जित्तं हाय का मेलं, कळायचं कसं?"

सासू-सुनेची भांडणं घरोघरी असतात. सासरा आणि सून डिस्कवरून भांडतात, असं घर बहुधा आमचं एकच.

मग एक दिवस ते कुणाच्या तरी दहाव्याला गेले. मी दार लावून घेतलं, सगळं काम बिस्किटावर हलवलं आणि घोडीला नुसती लाईट जोडून ठेवली. ती आपली फिरत राहिली, पाठीवर काडीचंही ओझं नाही. मला इतकं हसू येत होतं की चहा सांडला. पण खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. तिच्या जिवावर त्यांनी हे दुकान उभं केलं होतं. ती आता कामाची राहिली नाही, हे त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

दसरा झाला आणि ऊसतोडीला निघालेली एक बाई दुकानात आली. सासरे तिला मागच्या खोलीत माझ्याकडे घेऊन आले. तिच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, पण दसऱ्याच्या आत व्हिडिओ देणं आमच्या धंद्यात बहुतेक अपशकुन मानतात.

"सकाळी टेम्पो निघतोय," ती म्हणाली. "पोर सासरी गेली. तिकडं पाचटाच्या कोपीत बसून मोबाईलवर तरी बघीन. आज द्याच."

मी पेनड्राइव्ह लावायला गेले आणि नेमकी तेव्हाच घोडी कण्हली. खट्, खट्, मग एक लांब किंकाळी, आणि टेबल गप्प.

"आमच्या पोरीचं लगीन गेलं का वो त्याच्यात?" बाईचा आवाज फाटला.

मी सासऱ्यांकडे बघितलंच नाही. आता हे मटकन खाली बसणार, याची मला खात्री होती.

त्यांनी कॅबिनेटवर थाप मारली. "काय न्हाई गेलं, बाई. आमची घोडी हाय, मेली तरी पळती. लाव गं पोरी."

मी लावलं. स्क्रीनवर अक्षता अंगावर पडत होत्या आणि नवरी हसत होती. बाईने पदराने डोळे पुसले, मी भरून दिलेला पेनड्राइव्ह कमरेच्या पिशवीत खोल खोचला आणि गेली.

मी उगीचच टेबलाखाली शिरून वायरी आवरायला लागले. वरून आवाज आला, "दहाव्यावरनं आलो त्याच दिशी कळलं मला. घोडी पळत हुती, पन हरभरे खात नव्हती."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"माझ्यासाठी तू तिला पळवत हुतीस. मी कोनत्या तोंडानं थांबव म्हनू?"

माझे डोळे भरून आले, म्हणून मी टेबलाखालीच राहिले. ते काउंटरकडे निघाले आणि दारात थांबले.

"आता एक पंखा बघ त्या डब्याला. चांगला घुरघुरनारा. गिऱ्हाइकाला काय ऐकवू?"