काकूंचं नाक

धणे निवडायला बसलं की हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं. धायरीत मालतीकाकूंच्या घराच्या तळमजल्यावर आम्ही पाच बायका वीस वर्षं गोडा मसाला करतोय. मग किस्से साठणारच! परवा नवीन आलेल्या मुलीने विचारलं, "इथे वजनकाटा का नाही?" आणि आम्ही सगळ्या एकदम हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले, ते मी मिरचीवर ढकललं.

काटा नाही, कारण काकूंना तो चालायचाच नाही. "काटा वजन सांगतो, वास सांगतो का?" हे त्यांचं ठरलेलं. प्रत्येक घाणा दळून आला की काकू चिमूटभर मसाला तळहातावर घ्यायच्या, डोळे मिटून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "शहाजिरं रुसलंय." मग थोडं शहाजिरं परतून घालायचं. काटा कशाला हवा होता!

*

आमची बायडाक्का मूळची धायरीचीच, शेतकऱ्याघरची. पहिल्या दिवशी तिने सगळं सामान बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यात कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग हाय तरी काय?"

काकूंनी तिला जेवायला बसवलं. तीन वाट्या आमटी पिऊन बायडाक्का म्हणाली, "हाय, थोडं काहीतरी हाय."

तेव्हापासून मसाला तीच परतते.

*

मसाला मिळाला की पेठेतल्या एका आजोबांचा दर वेळी फोन यायचा. एकदा म्हणाले, "मागच्या वेळचा मसाला चांगला होता."

काकू म्हणाल्या, "आणि या वेळचा?"

"या वेळचा अजून उघडला नाही."

"मग उघडू नका. तसाच चांगला राहील!" आणि फोन ठेवला. आजोबा पुढच्या महिन्यात स्वतः दोन डबे घ्यायला हजर!

*

मग काकूंना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांकडे मी बरोबर होते. डॉक्टर भला माणूस, चाचरत म्हणाला, "काकू, आता हे कामाचं सगळं सोडा."

"सोडते की. कोणाच्या हातात सोडू, तेवढं सांगा."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी पायांकडे.

परत येताना रिक्षात सिंहगड रोडला नेहमीसारखे अडकलो. काकू बाहेर बघत म्हणाल्या, "सुनंदा, आम्हाला मूलबाळ नाही. माझं म्हणून मागे राहील असा हा एवढा वासच आहे गं. तो माझ्याबरोबर जाऊ देऊ नकोस." एरवी रडणारी बाई नव्हे ती. मी त्यांचा हात धरला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवणं बंद केलं.

*

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. म्हटलं, सांगा, लिहून घेते. काकूंनी सांगितलं आणि मी लिहिलं ते असं: धणे पुरेसे. खोबरं रंग येईपर्यंत. दगडफूल किती, ते कळेल.

"काकू, कळेल म्हणजे कसं कळेल?"

"न कळून सांगशील कोणाला? लिही!"

ती वही अजून आहे. तिच्यावरून मसाला कोणालाही करता येणार नाही.

*

किमो सुरू झाली आणि काकूंना वासच येईनासा झाला. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. पण एका सकाळी त्यांच्यासमोर खोबरं करपलं आणि त्या शांतपणे बसून राहिल्या, तेव्हा आम्हाला कळलं. आम्हीही बोललो नाही.

मग एक दिवस त्यांनी स्वतः घाणा लावला, मसाल्याची वाटी आमच्यात फिरवली आणि विचारलं, "कसा झालाय?"

"मस्त!" "नेहमीसारखा!" "एक नंबर, काकू!" पाचही जणी नुसत्या सुटलो.

काकू म्हणाल्या, "दगडफूल घातलंच नाहीये."

आम्ही पाचही जणी वाटीकडे बघायला लागलो.

"माझं नाक गेलं. आता तुम्ही पाच जणी माझं नाक. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलाल, तर मसाला माझ्याआधी जाईल."

बायडाक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, "दगडफुलाचा वास येत न्हवता, ते कळलं हुतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं त्वांड बघितलं न्हवं!"

त्या दिवसापासून नियम झाला: हुंगायचं ते काकूंकडे पाठ करून.

*

पण खरी परीक्षा वेगळीच होती. काकूंचे यजमान अण्णा, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांना ब्लडप्रेशर, म्हणून काकू आमटीत मीठ मुद्दाम कमी घालायच्या. रोज दुपारी वरच्या मजल्यावरून आवाज यायचा, "अगं, मीठ विसरलीस!" आणि स्वयंपाकघरातून उत्तर, "विसरले नाही!" ते ऐकलं की आम्ही जेवणाचे डबे उघडायचो. घड्याळ बघायची गरजच नव्हती.

काकू अंथरुणाला खिळल्या. मग प्रत्येक नव्या घाण्याची आमटी मी त्यांच्याच ओट्यावर करायची, मीठ त्यांच्याइतकंच कमी घालायचं आणि बाहेर अण्णांना वाढायची, असं ठरलं. अण्णा पहिला घास घेऊन म्हणायचे, "सुनंदाबाई, फार छान झालीये हं. आपण उगाच त्रास घेता."

मी खुशीत आत सांगायला जायची. काकूंचा चेहरा पडायचा.

"छान म्हणाले? मग नाही जमला. परक्या हातचं माणूस गोड बोलून खातं, घरच्याला नावं ठेवतं. परत लाव घाणा."

सात घाणे लावले. अण्णा सातही वेळा "फार छान" म्हणाले. त्या माणसाच्या कौतुकाचा मला इतका राग कधी आला नव्हता! आठवा घाणा लावायच्या आत काकू गेल्या.

*

महिनाभर खोली बंद होती. मग बायडाक्काच म्हणाली, "हात रिकामं ऱ्हाऊन जीव जातूय. लावू या."

आठवा घाणा लावला. तळहातावर घेतला, डोळे मिटले. दगडफूल किंचित वाढवावंसं वाटलं. का, ते सांगता येणार नाही. वाढवलं.

वर जाऊन आमटी केली. मीठ कमीच घातलं. अण्णा खिडकीकडे तोंड करून जेवायला बसले होते, हल्ली ते तसेच बसतात. मी पान वाढलं आणि भात आणायला आत आले. हातात भाताचा डाव होता.

बाहेरून आवाज आला, "अगं, मीठ विसरलीस!"

मी डाव ओट्यावर ठेवला. खाली बायकांच्या गप्पा बंद झाल्या होत्या.

"विसरले नाही!" मी म्हटलं.