सुलतानच्या कागदावरचा शिक्का

अर्जेंटिनातल्या तुनुयानच्या शाळेत एकवीस वर्षं दोनशे पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या नेलिदाने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. सांगायलाही लाज वाटावी अशी गोष्ट! डोंगर ओलांडला की पलीकडे चिली, आणि चिली म्हणजे तरी काय, एक लांबलचक किनारा. गाडीने एका दिवसाची वाट. जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, निम्मं गाव तिकडे जातं आणि नाकाची सालं काढून परत येतं. तिचा नवरा अनिबाल स्वतः दोनदा जाऊन आला होता, क्लबातल्या मित्रांबरोबर. नेलिदा मात्र दर वर्षी मागे राहिली. एकदा सासूचं खुब्याचं हाड मोडलं. एकदा लेकीला, ब्रेंदाला, गालगुंड झाले. एका वर्षी गारांनी द्राक्षमळा झोडपला. कुणीतरी घरी थांबायला हवं असायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नसे. अनिबाल तिची पाठ थोपटून म्हणायचा, "म्हातारे, समुद्र काय पळून जातोय?"

या वर्षी ब्रेंदा कमावती झाली आणि तिने हट्टच धरला. चिलीतल्या व्हिन्याला समुद्रासमोरचा फ्लॅट भाड्याने घेतला, शनिवार ते शनिवार. नेलिदाने निळा पोहण्याचा पोशाख विकत घेतला आणि रोज दार लावून आरशासमोर घालून पाहिला. एवढं सगळं जुळून आलं, आणि मग अनिबाल म्हणाला, "सुलतानही येणार."

सुलतान म्हणजे त्यांचा कुत्रा. अकरा वर्षांचा, पिवळा, पिंपासारखा लठ्ठ. अनिबालशिवाय कुणाच्या हातचं खात नाही, असं अनिबालचं म्हणणं. नेलिदाच्या हातचं तो दिवसातून चार वेळा खायचा, पण ते कोण बघतंय!

"आण," ती म्हणाली. "पण सीमेवर कुत्र्याचे कागद बघतात. डॉक्टरकडून दाखला घ्यायचा, मग सरकारी कचेरीत जाऊन त्यावर शिक्का मारून घ्यायचा. बेकरीवालीने सांगितलंय मला."

"त्यात तू पडू नकोस. बेनेगास आहे ना माझा."

बेनेगास हा जनावरांचा डॉक्टर, आणि गुरुवारी क्लबात पत्त्यांच्या डावात अनिबालचा भिडू. त्याने डाव चालू असतानाच दाखला लिहून दिला, एका हातात पत्ते धरून. नेलिदाने तीनदा विचारलं, "आणि शिक्का?" तीनही वेळा अनिबाल हसला. "अगं, बेनेगासची सही म्हणजे काय कमी आहे? इथपासून मेंदोसा शहरापर्यंत ओळखतात त्याला." आमच्याकडे हे असंच. मित्र असला की कचेरीत कशाला जायचं? रांगेत उभं राहायचं ते ज्यांना मित्र नाहीत त्यांनी.

शनिवारी उजाडताना निघाले. सुलतानने मागची अख्खी सीट घेतली, ब्रेंदा दाराला चिकटून बसली. पोत्रेरीयोसपाशी घाटाची वळणं सुरू झाली आणि सुलतान ओकला. पुसलं. पुढे पुन्हा ओकला. पुन्हा पुसलं. अनिबालला प्रत्येक पेट्रोल पंपावर कुणीतरी ओळखीचं भेटत होतं आणि प्रत्येकाशी थांबून बोलायचंच होतं. उस्पायाता गावात तर तो टायरमधली हवा बघायला म्हणून उतरला आणि चाळीस मिनिटांनी आला, ओठाला चटणी लागलेली. नेलिदाने दात-ओठ खात घड्याळ पाहिलं. भांडणात वेळ घालवायचा नव्हता, समुद्र गाठायचा होता.

दुपारी बोगद्याच्या अलीकडे रांग लागली. अशी रांग की पुढचं टोक दिसेना. उन्हाळा असून वारा हाडात शिरत होता, आणि एवढ्या उंचीवर डोकं ठणकायला लागलं. तास झाला, दोन झाले, चार झाले. नेलिदाने थर्मासमधल्या गरम पाण्यात यर्बाचा कडू चहा केला. मागच्या छोट्या गाडीत दोन बहिणी होत्या, मिर्ता आणि कोका, सान राफाएलच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं गरम पाणी संपलेलं. मग एकच पेला चौघींत फिरायला लागला, आणि गप्पाही.

"पहिल्यांदाच?" मिर्ताने विचारलं.

"बावन्न वर्षांत पहिल्यांदा."

"अगं बाई! मग पायाला पाणी लागेल तेव्हा हातात चप्पल धर. माझ्या पहिल्या चपला वाहून गेल्या होत्या."

चिलीत फळं नेऊ देत नाहीत, म्हणून चौकी जवळ आली तशी प्रत्येक गाडीत एकच धांदल उडाली. पीच, द्राक्षं, सगळं तोंडात कोंबणं चाललं होतं. नेलिदाने स्वतःच्या झाडाचे नऊ पीच वाटले. कोपरापर्यंत रस ओघळला, आणि दिवसभरात पहिल्यांदा ती मनापासून हसली.

बोगदा ओलांडल्यावर चिलीच्या चौकीवर एक तरुण अधिकारी बाई होती. तिने कागद उलटून पाहिला, पालटून पाहिला.

"साहेब, सही दिसतेय. शिक्का कुठे आहे?"

"ती बेनेगासची सही आहे!" अनिबाल म्हणाला. "माझा जिवलग मित्र."

"तुमचा असेल, साहेब. माझा नाही."

अनिबालने हात जोडले, विनोद केला, आवाज चढवला, पुन्हा विनोद केला. बाई ढिम्म. तुम्ही जाऊ शकता, कुत्रा नाही, एवढंच ती म्हणत राहिली. शिक्क्याची कचेरी मेंदोसात, आणि ती आता थेट सोमवारी उघडणार. गाडी बाजूला घ्यायला लावली. नेलिदाने बोटांवर मोजलं. तीनदा विचारलं होतं. तीनदा!

अनिबालने डोकं खाजवलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा नेलिदाला एकतीस वर्षं पाठ होता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "बोगद्याच्या पलीकडे आपल्या बाजूला मघाशी लागलं ते गाव आहे ना, तिथे खोल्या मिळतात. तू आणि सुलतान तिथे राहा. मी तुम्हाला सोडून येतो, मग मी आणि ब्रेंदा पुढे जातो. फ्लॅट तरी वाया जायचा नाही. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हातारे."

नेलिदाने ब्रेंदाकडे पाहिलं. ब्रेंदाने मोबाइलमध्ये मान घातली. हळूच म्हणाली, "आई, सुलतान तुझ्याजवळ शांत राहतो गं."

दगड आणि वारा, दुसरं काही नाही त्या गावात. एक झाड नाही. नेलिदाला वाईट याचंच वाटलं की तिचे पाय सवयीने सुलतानचा पट्टा घ्यायला निघालेसुद्धा होते.

मिर्ताची गाडी तपासणी होऊन निघायच्या बेतात होती. काच खाली करून मिर्ताने विचारलं, "काय झालं गं?"

"मिर्ता, तुमच्याकडे एक जागा आहे?"

"किनाऱ्यावरची मोठी छत्री मांडीवर घ्यावी लागेल."

"घेते."

मिर्ता लगेच उतरली आणि प्रवाशांच्या कागदावर तिसरं नाव लिहून घ्यायला चौकीकडे गेली. नेलिदाने आपली पिशवी काढली. फ्लॅटची पावती, पत्ता, ओळखपत्र, सगळं तिच्याच पर्समध्ये होतं, कारण या घरात कागद सांभाळायचं काम तिचंच. मग तिने सुलतानचा पट्टा उचलला आणि अनिबालच्या मनगटाला दोन वेढे दिले.

"हे काय?" अनिबालचा आ वासलेला. "अगं, आणि मी?"

"कुणीतरी थांबायला हवं ना! घरी जा. सोमवारी रांगेत उभा राहा, शिक्का घे, मंगळवारी या तिघं."

"मंगळवारी? तोपर्यंत अर्धी सुट्टी..."

"समुद्र काय पळून जातोय?" नेलिदा म्हणाली.

ब्रेंदाने मान वर केली. आपला उन्हाचा चष्मा काढून आईच्या हातात दिला. मिर्ताची गाडी सुटली तेव्हा मागे सुलतान जीव तोडून भुंकत होता. नेलिदाने छत्री मांडीवर सरळ केली आणि काच वर घेतली.