मांडीखालचे चिंचोके

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. चार लोकांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचीच अक्षरं आहेत, सांभाळून घ्या.

सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात बायकांचा गट आहे. तलावातली मासळी बर्फात घालून आम्ही टेम्पोनं तुमसरच्या बाजारात पाठवतो. बर्फाची पेटी सुगंधाबाई सांभाळायची — माझी शेजारीण, वयानं मोठी. माझ्या बाळंतपणात आईसारखी उशाशी बसलेली. त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. कधी बाजारात मासळी कमी पडायची, कधी पेटीतच सडायची. का, ते कुणालाच कळेना.

मग गटाला शिकवायला एका संस्थेची मुलगी आली. तिनं खेळ मांडला. चिंचोके म्हणजे मासळी. एक बाई तलाव झाली, सुगंधाबाई बर्फाची पेटी, मी टेम्पो, रुखमा बाजार. बोलायचं नाही, किती पाहिजे ते मागच्या बाईला बोटांनी दाखवायचं, आणि आलेलं पुढं द्यायचं. एवढंच.

एवढंच — पण माझा हात काय करत होता? भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ परत मडक्यात टाकायची, अडीनडीला — ही आमच्या घरची रीत. तशीच मी दर खेपेला मूठभर चिंचोके मांडीखाली सारत गेले. उद्या कमी पडले तर? चोरी वाटलीच नाही मला. खरंच नाही — की आता तसं म्हणते?

रुखमाला कमी पडलं, तिनं जास्त मागितलं. मी त्याहून जास्त. सुगंधाबाईनं त्याहून. तलाव ओंजळी भरभरून देऊ लागला. तोवर ढीग मांडीला टोचत होता. मी घाबरले, मागणंच थांबवलं आणि लपवलेलं थोडंथोडं रुखमाकडे सरकवत राहिले. मागून आलेले सगळे चिंचोके सुगंधाबाईपुढं साचले. ती मुलगी म्हणाली, ही मासळी सडली.

रुखमा हसली. "काहून वो सुगंधाबाई, बर्फावरच झोपून राहिली होती का?"

"मांगलं तेवढं देल्लं वो मी," ती म्हणाली, आणि त्या ढिगाकडे बघत राहिली.

मुलीनं एकेकीला विचारलं. मलाही — आलं तेवढं पुढं दिलं का? मी पाय उचलला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. मी 'हो' म्हटलं. सगळ्या उठून जाईपर्यंत तशीच बसून राहिले.

हा खेळ कुणाची चूक शोधायला नाही, असं ती मुलगी परत परत सांगत होती. पण बायकांनी ढीग पाहिला होता. पुढच्या बैठकीत सुगंधाबाईकडून पेटी काढली आणि मला दिली. मी नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून आली. बर्फ किती बारीक फोडायचा, खाली भुसा किती घालायचा, सगळं दाखवलं. माझी गारठलेली बोटं आपल्या हातात घेऊन चोळली. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? तिचा चेहरा माझ्या इतक्या जवळ होता — आणि मी बर्फाकडे बघत होते. आता ती लोकांच्या शेतात भाताच्या रोवणीला जाते.

मागच्या बाजारी गर्दी होती. ती बाजूनं जात होती, तर रुखमानं तिला तराजू धरायला बोलावलं. तिनं हात पदराखाली घेतले.

"नको वो. माह्या हातून चुकते."

ती खरंच तसं मानते.

मी तिथंच होते. तराजू मी उचलला.