सुनेचा नवरा

वडील गेल्यावर फोटो स्टुडिओ ताईच्या गळ्यात पडला. वडिलांचा शिरस्ता ठरलेला: बाप खुर्चीत, आई शेजारी, पोरं उंचीप्रमाणे. ताईनं तो मोडला. ती स्वतः बिनलग्नाची. "घरी बसता तसेच बसा," एवढंच ती सांगायची. त्यामुळे दुसरीकडे ज्यांना पाहून माणसं तोंडाला रुमाल लावत, ती कुटुंबं तिच्याकडे येत. दोन बायांनी मिळून वाढवलेली मुलगी, सख्ख्या-सावत्रांची खिचडी, सगळे.

अशीच एक म्हातारी आली. सोबत सून, नातू आणि एक गप्प माणूस. मुलगा वारल्यावर म्हातारीनंच पुढाकार घेऊन सुनेचं दुसरं लग्न लावलं होतं. चौघं एकाच घरात राहत.

"हे तुमचे कोण?" ताईनं विचारलं.

"सुनेचा नवरा, पण माझा मुलगा नव्हे," म्हातारी हसली. "अहो, साडूला शब्द आहे, व्याह्याला आहे, ह्यालाच नाही बघा!"

नातू त्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसला. फोटो झकास आला.

पुढे सून तापाचं निमित्त होऊन गेली. लगोलग पोराचा मामा उगवला. "म्हातारी पिकलं पान आणि हा तर परका," म्हणत त्यानं कोर्ट गाठलं. ताई आपणहून फोटो घेऊन साक्षीला गेली.

मामाचा वकील म्हणाला, "बाई, फोटोत काय, कुणीही उभं राहतं. दत्तकपत्र आहे?"

नव्हतं. घरातल्या घरात कोण कागद करतो? पोर मामाकडे गेलं. जाताना ते त्या माणसाचा शर्ट सोडेना, तेव्हा मामानं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

काही महिन्यांनी ताई त्यांच्या घरी गेली. म्हातारीनं अंथरूण धरलं होतं. तो माणूस तिला चमच्यानं पेज भरवत होता.

"लोक म्हणतात, तुझं आता इथं काय राहिलंय," तो म्हणाला. "पण यांचं कोण करणार?"

"तुम्हा दोघांचा एक फोटो काढू?"

"नको, ताई. जे नाहीत तेच दिसतील त्यात."

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेव्हापासून अशी माणसं आली की ताई कॅमेऱ्याला हात लावण्याआधी विचारायची, "कागदपत्रं केलीत का?" काहींना राग यायचा. काही उठूनही गेले. एक बाई तर तिच्यावर डाफरली, "हसा म्हणायचं सोडून हे काय अभद्र?"

ताई कॅमेऱ्याकडे वळली. तिनं दिवे लावले.